पराओनेचे रक्त आणि मी

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझ्यात आता फार बोलायचे बळ नाही, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. निळी, झाकणाची एक कडी तुटलेली. न्यूझीलंडच्या एका खाडीकाठी आमचे माओरी लोकांचे गाव आहे. तिथल्या दवाखान्यात मी चौदा वर्षे राबले. शहरातल्या विद्यापीठाने मधुमेहाचे संशोधन काढले, तेव्हा गावाच्या रक्ताच्या नळ्या मीच पोचवल्या. झाकण लावण्याआधी नर्स मेरेआना प्रार्थना गाई. काय तो गळा! ऐकताना बर्फसुद्धा विरघळायचे विसरत असेल. आमच्याकडे रक्त अंगातून निघाले तरी त्या माणसाचेच असते. काम संपले की ते मातीत परत यायचे.

"बाई, माझं रक्त गोड आहे का ते डासांनाच विचारा की!" म्हातारा पराओने दर खेपेला म्हणे.

"डासांना सही करता येत नाही, काका. तुम्ही करा."

त्याने संमतीच्या कागदावर सही केली. मधुमेहाच्या अभ्यासापुरती.

तो वारला त्या वर्षी विद्यापीठाचे डॉक्टर गावाचे आभार मानायला आले. मला स्वच्छ धुऊन, माझ्यात केक भरून! रक्ताचे आणि अन्नाचे भांडे आमच्याकडे कधी एक होत नाही. सभाघरात एकानेही हात पुढे केला नाही. पराओनेची बायको राविनिया उठली.

"डॉक्टर, ज्यातून आमचं रक्त नेलंत, त्यातूनच आम्हाला खायला आणलंत?"

डॉक्टर लाल झाले. सावरून घ्यायला म्हणाले, "उरलेल्या रक्तावर आम्ही आणखी एक अभ्यास केला. तुमच्या लोकांना राग लवकर का येतो, याचा."

"एवढंच ना? आम्हालाच विचारायचं, फुकटात सांगितलं असतं!" मागून कुणीतरी म्हणाले.

राविनिया हसली नाही. "म्हणजे नवऱ्याला मी अपुराच पुरला? त्याचं रक्त परत द्या."

"अहो, नळ्यांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक. यादी शोधावी लागेल."

"क्रमांकाला बायको नसते, डॉक्टर. त्याला आहे. शोधा."

दोन वर्षे पत्रे गेली. मी शहरात रिकामी जाई, रिकामी येई. थकले हो. शेवटी नळ्या आल्या. पराओनेची कोरडी होती. त्या दुसऱ्या अभ्यासातच तिच्यातले रक्त संपले होते. मग त्या रक्तातून निघालेली माहिती मेरेआनाने मागितली. "तीही त्याच्याच अंगातली आहे," ती म्हणाली. पण ती माहिती तोवर तीन देशांत वाटून झाली होती. कुणाकडून परत आणायची, हे विद्यापीठालाही सांगता येईना.

राविनियाने कोरडी नळीच कबरीशी पुरली. आता गावाच्या आजारांच्या नोंदी गावातच राहतात. नवा संशोधक आला की राविनिया आधी विचारते, "आम्ही मेल्यावर आमच्या रक्ताबद्दल तुम्ही कुणाला विचारणार?" उत्तर आले नाही, तर चहा पाजून त्याला वाटेला लावते.

मित्रांनो, कुणाच्या अंगातले, घरातले काही तुमच्या हाती आले, तर त्याला विचारल्यावाचून पुढे देऊ नका. आणि सांजवेळी देवापुढे बसाल, तेव्हा पराओनेची आठवण करा. तो अजून पुरता घरी आलेला नाही.