सहाव्या डिशमधला कान

टेबलावर सहा डिश होत्या. पाचांत मसुरीच्या डाळीएवढे तुकडे, सहावीत एक कान. पाचही तुकड्यांत माणसाच्या पेशी होत्या. कानात एकही नव्हती. तो नुसत्या थलथलीत जेलचा होता, आणि हे त्या खोलीत फक्त प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या मृणालला ठाऊक होतं.

दहा वर्षांच्या वैदेहीला जन्मापासून डावा कान नव्हता. गणपतीत मृणालने तिच्या उजव्या कानाचं स्कॅन घेतलं, संगणकावर आरशातल्यासारखं उलटवलं, आणि प्रिंटरने जेलचे थरावर थर चढवत कान उभा केला. आकार इतका हुबेहूब उतरला की तिने लगेच वैदेहीच्या आईला, नलिनीकाकूंना, फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'वैदेहीचा कान'. काकूंनी तो शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस पडला, आणि त्यात कानात पेशी नाहीत हे वाक्य लिहायचं राहून गेलं. नंतर तर ते अवघडच होत गेलं.

आज काकू लेकीला घेऊन एस्प्लनेड स्टेशनहून मेट्रोने प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या. मृणालने दारातच दोघींना टोप्या, मास्क, हातमोजे चढवायला लावले. एक जंतू शिरला तरी सगळं नासेल, म्हणून बजावलं. वैदेही तुकड्यांवर वाकली तेव्हा तर मृणाल चक्क ओरडली.

काकू खुशीत होत्या. बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून कान घडवायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती त्यांनी परवा रद्द करून टाकली होती. आपल्यातलीच मुलगी कान वाढवतेय, तर पोरीची छाती कशाला चिरायची, असं त्यांचं म्हणणं.



तेवढ्यात काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, सहाव्या डिशचं झाकण उचललं, कानाला हलकेच कुंकवाचं बोट टेकवलं आणि डोळे मिटून हात जोडले. मृणाल नुसती बघत राहिली.

वैदेही मात्र मृणालकडे बघत होती.

"ताई, आईला का नाही अडवलंस?"

मृणालने हातमोजे सारखे केले.

"मी नुसती वाकले तर केवढी ओरडलीस."

काकूंनी डोळे उघडले.  मग मृणालने सगळं सांगितलं: जेल, फोटो, राहून गेलेलं वाक्य. बसवता येईल असा कान व्हायला किती वर्षं लागतील, होईल की नाही, तेही माहीत नाही. बोलताना तिला वर बघवेना.

काकू एका शब्दाने रागावल्या नाहीत. त्यांनी झाकण नीट लावलं आणि डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेल्या. काचेपलीकडे त्या मान खाली घालून कुणाची तरी विनवणी करताना दिसत होत्या. आवाज आत येत नव्हता.

"मग यातलं खरं काय आहे?" वैदेहीने विचारलं.

मृणालने पहिली डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. रंग घातलेलाच होता. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल, एवढंच तिने सांगितलं. मोजायला संगणक होता, पण वैदेहीने डोळा लावून स्वतःच पुटपुटत मोजायला घेतलं. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

हिरव्या एकेचाळीस. लाल एकशे सहा.