शेवटच्या रांगेतले पाच संगणक

सोमवार, १६ मार्च २०२६, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत चोवीस संगणक सुरू होते आणि चोवीसही पडद्यांवर एकच लाल ओळ उमटली होती: मागितलेले मॉड्यूल सापडत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा दहाला सुरू व्हायची होती. ती 'प्लेग्राउंड' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाई. डावीकडे विद्यार्थ्याने कोड लिहायचा, उजवीकडे त्याचे उत्तर लगेच दिसते. शंभरांपैकी साठ गुण आलेखांच्या प्रश्नांना होते आणि आलेख काढणारे फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा संच, बाहेरच्या एका गटाने लिहिलेले होते. असे परके फ्रेमवर्क प्लेग्राउंडला आपोआप दिसत नाही. ते प्रकल्पात ठेवून त्या संगणकाला समजेल अशा रूपात आधी तयार करून घ्यावे लागते. शिकवणाऱ्या बाईंनी हे काम शनिवारी चोवीसही संगणकांवर स्वतः पूर्ण केले होते.

"यांना कोणी हात लावला?" त्यांनी प्रयोगशाळा सहायकाला विचारले.

"मीच. काल सगळे साफ केले. प्राचार्यांची सूचना होती ना, कॉपी होऊ नये म्हणून बाहेरचं काही ठेवायचं नाही."

"अहो, पण फ्रेमवर्क कशाला पुसलंत?"

"ते तुम्ही लिहिलं होतंत का, मॅडम?"

"नाही."

"संस्थेनं?"

"नाही हो!"

"मग बाहेरचंच झालं की. त्याच्या कपाळावर थोडंच लिहिलं होतं, मला ठेवा म्हणून!"

बाईंनी डोक्याला हात लावला. त्यांची नेमणूक कराराची होती आणि करार एकतीस मार्चला संपत होता. मुदत वाढवून मिळण्यासाठी याच परीक्षेचा निकाल, महिनाअखेरीच्या आत, किमान ऐंशी टक्के लागणे आवश्यक होते. आदल्या दिवशी जेवताना धाकट्या दिराने विचारले होते, "वहिनी, एकतीसनंतर विद्यार्थ्यांनी तुम्हाला मॅडम म्हणायचं की त्यांनीही वहिनीच म्हणायचं?" सगळे हसले होते. बाईंनी पानातली भाजी संपवली होती.

त्यांनी आपल्या लॅपटॉपवरची तयार प्रत एकेका संगणकावर चढवली. पुढील एकोणीस संगणकांवर ती बिनतक्रार चालली. शेवटच्या रांगेतील पाच संगणकांचा प्रोसेसर जुन्या जातीचा. त्यांनी ती नाकारली. तेथे फ्रेमवर्क मुळापासून तयार करायला लावण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्याला तास-दीड तास सहज लागणार होता. बाईंनी पाचही संगणकांवर ते काम लावून दिले.

दहाला पाच कमी असताना बाह्य परीक्षक आले. विद्यार्थी पाठीमागे त्यांना मोजपट्टी म्हणत.

"संगणक सगळे तयार? नसतील तर स्पष्ट सांगा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊ, आभाळ कोसळत नाही."

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहता तेच योग्य होते, आणि बाईंना ते कळतही होते. एप्रिलमध्ये मात्र त्या येथे नसत्या.

"तयार आहेत, सर."

परीक्षा सुरू झाल्यावर त्या शेवटच्या रांगेपाशी जाऊन हळूच म्हणाल्या, "आधी साधे प्रश्न सोडवा. आलेखांना नंतर हात घाला."

"नंतर म्हणजे कधी, मॅडम?" खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "एक ओळ लिहिली की हा डुलकी काढतोय."

"होईल गं. लिहीत राहा."

पडद्यामागे फ्रेमवर्कचे ते काम चालू असल्याने साध्या प्रश्नांची उत्तरेही रखडत उमटत होती. फ्रेमवर्क तयार झाले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. परीक्षा साडेअकराला संपली.

"तपासणीआधी विचारतो," परीक्षक म्हणाले. "कोणाचा संगणक अडला असेल, तर तेवढा वेळ भरून देता येतो."

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. "सर, आमची पूर्ण रांग..."

"थांब. हे शिक्षकांनी सांगायचं असतं. मॅडम, बोला."

होय म्हटले, तर दहाचे उत्तर खोटे ठरत होते, आणि खोट्या उत्तरावर सुरू झालेली परीक्षा हा गृहस्थ रद्द केल्याशिवाय राहिला नसता. बाईंनी मनातल्या मनात आकडेमोड केली. ऐंशी टक्क्यांना वीस जण पुरेसे होते. एकोणीस संगणक सुरळीत चालले होते. मागच्या पाचांपैकी एखाददुसरा तरी तरेलच.

"काही तक्रार नाही, सर."

मुलगी खाली बसली. तिच्या शेजारचा, बाईंना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "मॅडमचा संगणक चालला असेल."

तपासणी दोनपर्यंत चालली. शेवटच्या रांगेतील एक विद्यार्थी खरोखरच तरला. पण पुढच्या रांगेतील एक, ज्याची बाईंना पूर्ण खात्री होती, दुसऱ्याच प्रश्नात अडकून बसला होता. उत्तीर्ण होण्यास चाळीस गुण लागत. खिडकीजवळच्या मुलीला अडतीस मिळाले. त्या अडतिसाखाली परीक्षकांनी लाल रेघ ओढली.

परीक्षकांनी बेरीज दोनदा पडताळली आणि निकाल मोठ्याने वाचला: चोवीसपैकी एकोणीस उत्तीर्ण, ७९.१७ टक्के.