दुसरा ब्रेक

तिने क्लच जरा घाईने सोडला आणि गाडीने गचका दिला. मागच्या सीटवरची बॅग पुढे सरकून तिच्या सीटच्या पाठीवर आदळली.

"गाडीवर कसला राग काढतेयस?" बाबा म्हणाले. "हळू. झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर पडल्यासारखा पाय काढायचा, किती वेळा सांगितलं."

एरवी ती हसली असती. आज तिने नुसती मान हलवली आणि गाडी रस्त्याला लावली.

टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. आत क्लच आणि ब्रेक दोन-दोन होते, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरांच्या. सगळं गाव बाबांना मास्तरच म्हणायचं. मुलीला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली होती, तरी ती चालवायला बसली की मास्तर शेजारी बसणार आणि त्यांचा उजवा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर अलगद टेकलेला असणार. लायसन्स मिळालं म्हणजे गाडी आली असं थोडंच आहे!

"पुढची गाडी सासुरवाडीची समजायची," ते म्हणाले. "मान द्यायचा, अंतर राखायचं."

"हो, बाबा."

सकाळपासून ती एकच वाक्य तोंडात घोळवत होती. आंघोळ करताना ते सोपं वाटलं होतं. आईने बॅगेत चादर कोंबून चेन लावली तेव्हा ते गाडीतच बोलू असं तिने ठरवलं.

वाक्य साधंच होतं. बाबा, मी तिकडे जात नाहीये. बाबांच्या हिशेबाने ते लेकीला दुसऱ्या वर्षासाठी होस्टेलवर सोडायला निघाले होते. मोठी युनिव्हर्सिटी, इलेक्ट्रॉनिक्स. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला गिअर टाकायच्या आधी ही बातमी ऐकावी लागायची. प्रत्यक्षात पहिलं वर्ष पाण्यात गेलं होतं. घरी तिने एक विषय राहिला म्हणून सांगितलं होतं. राहिलेले सगळे मोजायचे तर एका हाताची बोटं पुरली नसती. सुट्टीत तिने गुपचूप पुलापलीकडच्या लहान युनिव्हर्सिटीत सिव्हिलसाठी अर्ज केला, जागा मिळाली, जुन्या युनिव्हर्सिटीतून दाखलाही काढून घेतला. आता आज ऑफिस बंद व्हायच्या आत तिथे स्वतः उभं राहायचं होतं. नाही राहिली, तर जागा रांगेतल्या पुढच्या मुलाची. मग ती ना इकडची, ना तिकडची.

चौक आला. सरळ गेलं की मोठी युनिव्हर्सिटी, वळलं की पूल.

आता बोल, तिने स्वतःला दटावलं. तोंड उघडलंही. पण हिरवा दिवा लागला, मागच्याने हॉर्न मारला आणि तिच्या हातांनी तिला न विचारता स्टिअरिंग वळवलं.

"अगं!" बाबांचा पाय ब्रेकवर गच्च झाला, पण त्यांनी तो दाबला नाही. वळणाच्या मध्यावर कुणालाही थांबवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. चुकीच्या रस्त्याला शिरलात तर शिरलात, नीट पार करा, पुढे जाऊन परत या. मध्येच कचरलेला माणूस स्वतःही मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो. "चुकलीस. असू दे, असू दे. घाबरू नकोस. पुढे दुभाजकाला फट आहे, तिथून वळवून घे."

फट आली. तिने वेग कमी केला नाही. फट मागे गेली.

"लक्ष कुठेय तुझं?"

"मी चुकले नाही, बाबा."

"म्हणजे?"

"मला पुलापलीकडे जायचंय. तिथे ॲडमिशन घेतलीय. सिव्हिलला."

पूल आला आणि गेला. खालचं पाणी दोघांनीही पाहिलं नाही. उतार संपला तसा बाबांनी ब्रेक दाबला, हळूहळू, पार शेवटपर्यंत. गाडी कडेला उभी राहिली.

"उतर. मी चालवतो."

"बाबा, ऐका तरी..."

"उतर म्हटलं ना."

दोघं गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडून गेले. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी वळवून त्यांनी पुन्हा पुलावर घातली. हनुवटी दगडासारखी झाली होती. त्यांना राग आला की ते ओरडत नसत. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"एक विषय राहिला तर एवढं?" चढ संपल्यावर ते म्हणाले. "एका विषयासाठी माणूस घर सोडून पळतो का?"

ती शेजारच्या सीटवर बसली होती, म्हणजे मास्तरांच्या जागेवर. समोर चौक दिसायला लागला. खाली बघितलं तर पायाशी तो ब्रेक.

तिने तो दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या टेम्पोवाल्याने दोघांच्या घराण्याचा उद्धार केला आणि वळसा घालून निघून गेला. मास्तरांच्या गाडीत मास्तरांना आजवर कुणी थांबवलं नव्हतं. ते नुसते बघत राहिले.

"तो शिकाऊंना थांबवायला आहे."

"माहीत आहे."

"पाय काढ."

"सहा विषय राहिलेत," ती म्हणाली. एकदा तोंड उघडलं ते मग मिटेना. "दिवाळं निघाल्यासारखं तोंड लपवून फिरत होते मी तिथे. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातच गेले नाही. सकाळी सगळ्यांबरोबर निघायचं, लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर बसायचं, आणि सगळ्यांबरोबर परत यायचं. त्या सर्किटमध्ये काय चाललंय ते मला दिसतच नाही, बाबा. सगळ्यांना दिसतं. मला एकाच तासाला जरा बरं वाटायचं, पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना मैदानावर जमिनीचा उतार मोजायला न्यायचे तेव्हा. पाणी कुठून कुठे जाईल ते मला नुसतं बघून कळायचं. तिथे माझं नाव नाहीये आता. मी काढून घेतलंय. तुम्ही मला तिकडे सोडलंत तर मी गेटवर बॅग घेऊन उभी राहीन, बस्स."

तिचा पाय ब्रेकवरून हलला नव्हता.

बाबांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर.

"रोज नवा माणूस येतो," ते म्हणाले. "रोज त्याला सांगतो, घाबरू नका, मी बसलोय बाजूला. आणि माझीच पोर वर्षभर जिन्यावर बसून राहिली." त्यांचा आवाज फाटला. "एवढी घाबरतेस मला?"

"तुम्हाला नाही. तुम्ही किती खूश होता सगळ्यांना सांगताना. ते मोडायला घाबरले."

तळहाताने बाबांनी नाक पुसलं, काचेवर काही नसताना वायपर एकदा फिरवला, मग इंजिन सुरू केलं.

"पाय काढ."

"कुठे नेणार?"

"आधी पाय काढ."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही म्हणता काही कळेना. दाबूनच ठेवावा आणि इथेच बसून राहावं, असंही एकदा मनात आलं. मग तिने पाय उचलला आणि सीटखाली ओढून घेतला.

गाडी सरळ निघाली. पहिली फट आली. ते वळले नाहीत. तिने डोळे मिटून घेतले.

"आता का रडतेस?" बाबा म्हणाले. "ट्रक आडवा उभा होता तिथे. दिसला नाही?"

पुढच्या फटीपाशी त्यांनी गाडी वळवली. पूल पुन्हा समोर आला. चढाला लागल्यावर त्यांनी गिअर बदलला आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारलं,

"ऑफिस किती वाजता बंद होतं?"