शनिवारची सुमन

स्नेहलताला जपानी येत होतं ते भाजी आणण्यापुरतं, आणि घात केला तो त्या अर्धवट जपानीनंच. नवरा, जयेश, आंघोळीला गेला होता. त्याचा फोन वाजला, हिनं उचलला. पलीकडून कुणा बाईचा गोड आवाज: "जयेश-सान? दोयोबि, शूमान, फुतारिदे..." दोयोबि म्हणजे शनिवार. फुतारिदे म्हणजे दोघंच. आणि मधली ही शूमान? अहो, इथली माणसं सिनेमालासुद्धा शिनेमा म्हणतात! सुमनच ती, दुसरी कोण! जयेशचं ठरता ठरता मोडलेलं स्थळ. हल्लीच टोकियोत, तोयोसु भागातल्या एका कंपनीत आली होती. वर निरोप द्यायला ही दलालीण!

अकरा सालच्या भूकंपात हिला टेबलाखाली ढकलून स्वतः कपाटाचा मार खाणारा नवरा, आणि आता हे! तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी "लॅबमध्ये काम आहे" म्हणून जयेश निघाला. हिनं सायकल काढली आणि त्यांच्या त्सुकुबा गावभर त्याच्या मागे राहिली. तो लॅबला गेलाच नाही, एका सार्वजनिक हॉलमध्ये शिरला. हिनं आतल्या खोलीचं जाड दार लोटलं. पियानोपाशी पाठमोरी बाई, काळेभोर केस.

"सटवे, ऊठ!"

"अगं, ऐक तरी," म्हणत जयेश दारात आडवा आला. डावा हात चौकटीवर.

"काय ऐकू? कपाळ!" तिनं सगळा जीव एकवटून दार आपटलं.

कडकन आवाज झाला. मग जयेश ओरडला, तसा तो भूकंपातही ओरडला नव्हता. दार उघडलं तर तीन बोटं चेंदलेली, हाड दिसत होतं. पियानोवरची बाई वळली. सत्तरीची जपानी आजी, केस रंगवलेले.

"सुमन कुठाय?" हिनं विचारलं.

"कोण सुमन?" जयेश गुडघ्यांवर बसला होता. "शूमान गं! जर्मन संगीतकार. कधीच मेलाय तो. त्याचा शेवटचा सोनाटा, व्हायोलिन आणि पियानोचा. डोकं फिरायच्या जरा आधी लिहिलेला."

"मग चोरून कशाला?"

"घरी व्हायोलिन काढलं की तू म्हणायचीस, मांजराचं पोट दुखतंय का."

रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, हे कसं झालं? आजीनं स्नेहलताकडे पाहिलं. जयेश पांढराफटक पडला होता, पण आधी तोच बोलला: "काझे." वारा. हा शब्द तिला येत होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

'मी'ला जपानीत काय म्हणतात तेही तिला येत होतं. पण मेली जीभ उचललीच नाही.