आतलं खोड

गावच्या सुतारानं, उस्ता मामातनं, पाचर खोडाच्या तोंडावर ठेवली, कुऱ्हाडीच्या पाठीनं तिच्यावर एकच ठोका घातला, आणि आतून असा काही आवाज आला की चुलीपाशी पुलावाची गाजरं चिरत बसलेली ओयदिन सुरी तशीच धरून वर बघायला लागली. लाकूड फाटतं तेव्हा कडकडतं. हे नुसतंच सुटल्यासारखं वाजलं होतं.

उस्तानं दुसरा ठोका घातला नाही. तो खाली बसला, खोडाच्या कापावरून त्यानं तळहात फिरवला, मग पाचरीशेजारी बोटं घालून जरा ओढलं. आतला गाभा बाहेरच्या लाकडातून सरकला. शिजलेल्या गाजराचा आतला दांडा सरकतो ना, अगदी तसा.

मदतीला आलेले शेजारी दोरखंड हातात धरून जवळ सरकले. ओयदिनचा बाप हमरोकुल डोक्यावरची टोपी मागे सारून म्हणाला, "हे एकच असेल असं. वाऱ्याच्या तोंडाला होतं."

उस्ता उठला. तो पुढच्या झाडाकडे वळला.

आमच्याकडे मुलगा झाला की बाप पाटाच्या कडेला पॉपलरची ओळ लावतो. पोरगा लग्नाचा होतो तोवर झाडं तुळयांच्या जाडीची होतात, मग ती तोडायची आणि त्यांच्याच छपराखाली त्याचा संसार मांडून द्यायचा. मुलीकडचे बघायला आले की चहा पितापिता त्यांचा एक डोळा पोरावर असतो आणि एक झाडांवर. मुलीसाठी कुणी झाडं लावत नाही, तिनं दुसऱ्याच्या झाडांखाली जायचं. लहानपणी ओयदिन यावरून रडून घर डोक्यावर घ्यायची, तेव्हा तिचा भाऊ इल्होम म्हणायचा, "घे बाई, शेवटचं झाड तुझं. त्याचीच सळसळ सगळ्यात जास्त आहे, तुझ्या तोंडासारखी."

ही ओळ इल्होमची. पण खोऱ्याच्या तोंडाशी तेव्हा धातू वितळवायचा कारखाना होता, आणि संध्याकाळ झाली की वारा त्याचा धूर उचलून थेट वर गावात आणायचा. जून सरत नाही तोच पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपायच्या आणि ऑगस्टात झाडं उघडी पडायची. तुतीचा पाला खाऊन रेशमाचे किडे टोपल्यांत मऊ पडायचे, बायका त्यांना पाटात सोडून यायच्या. पॉपलर मेले नाहीत, पण जगले म्हणायलाही जड जायचं. इल्होम लग्नाचा झाला तेव्हा ते मनगटाएवढे होते. मुलीकडचे आले, त्यांनी चहाची इतकी स्तुती केली, इतकी केली, की बिबिसोरानं, म्हणजे इल्होमच्या आईनं, ते जायच्या आधीच कप गोळा करायला घेतले.

आणि गंमत अशी की इल्होमचा पगार त्याच कारखान्यातून यायचा. सगळ्या गावाचाच यायचा. त्यामुळे धुराला कुणी काही बोलायचं नाही, फार तर दारं लावून घ्यायचे.

मग एका हिवाळ्यात भट्ट्या थंड झाल्या त्या झाल्याच. तरण्या पोरांनी पिशव्या भरल्या आणि ती रशियाला गेली. इल्होम समाराला गेला, तिथं तो लोकांच्या घरांची छपरं घालतो. निघताना त्यानं एका पॉपलरला दोन बोटांचा वेढा घालून दाखवला आणि म्हणाला, "हे तुळईएवढे झाले की मी आलोच, बाबा. घर बांधायला." सगळे हसले. त्या काटक्यांकडे बघून कोण हसणार नाही?

पण पुढच्या वसंतात पानं फुटली ती शरदापर्यंत हिरवीच राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी तर शेंडे असे वर गेले की जणू कुणीतरी मानेवरून हात काढून घेतला होता. दर शरदात बिबिसोरा मधल्या झाडाला रुमाल गुंडाळून बघायची आणि फोनवर इल्होमला सांगायची, "अजून गाठ सैल बसते रे. एक वर्ष जाऊ दे." तो म्हणायचा, "हो, जाऊ दे." हमरोकुल कुरकुरायचा, त्याच्या मिठीत झाड मावत नाही आणि ही म्हणते सैल. यंदा त्यानं तिला विचारलंच नाही. पानं गळली तशी शेजाऱ्यांना हाक घातली आणि कुऱ्हाडी बाहेर काढल्या. बिबिसोरानं तांदूळ भिजत घातले.

आता सगळी ओळ आडवी पडली होती आणि उस्ता शेवटच्या झाडापासून परत येत होता.

"सगळी तशीच," तो म्हणाला. "हे बघ, हमरोकुल. आत सगळं दाटीवाटीचं, दोन वर्षांच्या रेघांमधे नख जात नाही. ती धुरातली वर्षं. आणि इथून एकदम बोट बोट रुंद. थोडं थोडं वाढलं असतं तर जुळलं असतं. हे एका हिवाळ्यात बदललं. एका झाडात दुसरं झाड घातल्यासारखं झालंय, आणि ह्या रेघेवर ती एकमेकांना धरत नाहीत."

हमरोकुलनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"इल्होम गेला ते वर्ष," तो म्हणाला.

"कारखाना थंडावला ते वर्ष."

"तेच की."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, लोखंडाच्या पट्ट्या आवळल्या तर?

"मग त्या तुळया कोंबड्यांच्या खुराड्यावर घाल," उस्ता म्हणाला. "माणसांवर घालू नकोस."

पुलाव सगळ्यांनी खाल्ला, पण तोडणीच्या दिवशी चेष्टामस्करी होते तशी कुणी केली नाही. एकजण म्हणाला, बरं झालं आधीच कळलं, आणि त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचा घास मोठा घेतला. ताटं घासायला नेताना ओयदिनला दोरीवर आईचा जुना सुती रुमाल दिसला, डाळिंबांच्या फुलांचा, इल्होम गेल्यापासून मापाचा म्हणून तिला ठाऊक असलेला. तिनं तो उगाचच मधल्या झाडाच्या खोडाला गुंडाळला. टोकं एकमेकांपर्यंत पोचलीच नाहीत, मधे चांगली वीतभर साल उरली. ती तशीच वाकून राहिली. मग तिला आठवलं, गेली काही वर्षं आई मापाला लोकरीची मोठी शाल घेऊन जायची. थंडी आहे म्हणायची.

बिबिसोरा चुलीपाशी बसून राख ओढत होती. तिनं सगळं बघितलं आणि राख ओढत राहिली.

इल्होमला फोन लावायचा तर हमरोकुलनं दोनदा नंबर चुकवला आणि मग फोन लेकीच्या हातात दिला. म्हणाला, तूच सांग, मला नीट सांगता यायचं नाही. ओयदिन पाटापर्यंत चालत गेली. तिनं जसं घडलं तसं सांगितलं, गाभा कसा सरकला, उस्ता काय म्हणाला, बाबा कसे बसलेत. घर होणार नाही असं तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण सांगायचं काही उरलंही नव्हतं.

 पलीकडे इल्होमनं श्वास सोडला.

तो श्वास तिच्या ओळखीचा होता. शाळेत गुरुजी आजारी पडून परीक्षा पुढे गेली की भाऊ अगदी असाच श्वास सोडायचा आणि मग तोंड पाडून घरी सांगायला यायचा.

"बिचारी झाडं," तो म्हणाला. "बाबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. बुंधे उपटू नका म्हणावं, ओयदिन. वसंतात कोंब येतील. त्यांना धूर लागलेला नाही, ते आतबाहेर एकसारखे होतील. ते तुळईएवढे झाले की..."

"की?"

"की येतोच मी."

ती परत आली तेव्हा हमरोकुल उभा राहिला. तिनं कोंबांचं सांगितलं. तो लगेच वाकून बुंधे बघायला लागला, एकेकाच्या कडेला माती दाबत, कुठला जगेल, कुठला नाही, हे स्वतःशीच बोलत ओळीच्या टोकाकडे गेला.

बिबिसोरा राखेचं घमेलं घेऊन उठली.

"काय म्हणाला?"

"कोंब मोठे झाले की येतो."

"असं म्हणाला?"

"हो."

आईनं मान हलवली. मग तिनं खोडावरचा डाळिंबांच्या फुलांचा रुमाल उचलला, झटकला, चार घड्या घातल्या आणि लेकीच्या हातात दिला.

"मग हा जपून ठेव," ती म्हणाली. "आता पुष्कळ वर्षं पुरेल."