कुमैत हलला नाही

आमच्यात सुनेने थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं. काहीतरी दुसरं नाव ठेवायचं आणि त्यानेच हाक मारायची. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी आमच्या थोरल्यांचं नाव खानसाहेब ठेवलं. जावा तोंडात रुमाल कोंबून हसल्या. ते मात्र खूश झाले. परवापरवापर्यंत हाक मारली की छाती काढून यायचे. एवढ्या वर्षांत ज्या माणसाला आपली टिंगल कळली नाही, त्याच्याविषयी आणखी काय सांगायचं?

यंदा गवत पिवळं पडलं तसं खानसाहेबांनी फर्मान काढलं, की गरुडांच्या मेळ्यात ते माझ्या कुमैतावर, म्हणजे माझ्या तांबड्या घोड्यावर, बसणार. स्वतःचा घोडा त्यांनी पैजा लावून पळवून पळवून लंगडा केला होता. कुमैत माझ्या माहेरच्या घोडीचा. ती घोडी वडिलांनी लग्नात माझ्याबरोबर पाठवली, म्हणजे तिची शिंगरं माझी, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाची शिवण तपासत होते. थोरल्या भावासमोर ह्यांना नेहमी बुटाचीच काळजी लागते.

या दिवसांत घोडा उन्हाळाभर चरून टम्म झालेला असतो. अंगात नुसती मस्ती. गार वारा शेपटीखाली शिरला तरी दचकतो. अशा घोड्यावर खानसाहेब हातावर गरुड घेऊन चढले आणि चढल्या चढल्या दोन चाबूक ओढले. गरुडाने पंख फडफडवले, कुमैत उधळला आणि खानसाहेब शेणात बसले.

"येडा आहे हा घोडा!" ते तिथूनच ओरडले. "मेळ्यात गपगुमान उभा राहिला नाही ना, तर यंदा थंडीच्या मांसाला हाच कापायचा. ठरलं म्हणजे ठरलं!"

दर घरात हिवाळ्याच्या तोंडावर एक घोडा कापतातच. कुठला, ते थोरला ठरवतो. 

"आणि सातू चार त्याला भरपूर. चकाकला पाहिजे," खानसाहेब पायजमा झटकत म्हणाले.

"हो, खानसाहेब," मी म्हटलं आणि सातूचा एक दाणा त्याला दाखवला नाही.

खानसाहेब मेळ्याच्या तयारीला लागले. म्हणजे घरोघर जाऊन चहा ढोसत स्वतःची तारीफ करू लागले. मी सकाळी कुमैताला चढावर घाम फुटेपर्यंत दौडवायचे, अंगावर घोंगडं टाकायचे आणि मान वर राहील असा उंच खुंटाला बांधायचे. पाणी उशिरा, गवत बेताचं. रात्रभर तसाच उपाशी. घोड्याचं पोट उतरलं की कान उघडतात. शेजारीच गरुड बसवायचा दांडा रोवला. आधी कुमैताने डोळे फिरवले, मग त्या दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. हे त्याच्या नाकासमोरून कोल्ह्याचं कातडं फरफटत न्यायचे आणि मी वरून जुना कोट फडफडवायचे. ह्यांनी तेवढं तरी केलं. यात माझी काही विद्या नाही, इथल्या कुणालाही हे येतं. खानसाहेबांनाही येतं. पण त्यासाठी पहाटे उठावं लागतं आणि तोंड बंद ठेवावं लागतं. दोन्ही त्यांच्या आवाक्याबाहेरचं.

मेळ्याच्या दिवशी खानसाहेब नवी टोपी घालून मिरवत होते. परदेशी पाहुणे फोटो काढायला आले की ते गरुडाला मांसाचा तुकडा भरवून दाखवायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पुन्हा तुकडा, पुन्हा टाळ्या. भरल्या पोटी गरुड हाकेला येत नाही, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. पण टाळ्या ऐकल्या की खानसाहेबांची अक्कल चरायला जाते.

त्यांची पाळी आली. कड्यावरून पोरांनी गरुड सोडला. खाली मैदानात कुमैतावर बसून खानसाहेबांनी हात उंचावला आणि हाक घातली. गरुडाने एक घिरटी घातली, समोरच्या खडकावर बसला आणि पिसं साफ करू लागला. खानसाहेब ओरडले. मग किंचाळले. रिकिबीत उभे राहून नाचले, टोपी हलवली, आवाज बसला. माणसं पोट धरून हसत होती. त्या सगळ्या तमाशाखाली माझा कुमैत चारी पाय रोवून उभा होता. कान तेवढे पुढे.

मी मनात म्हटलं, सुटलास रे बाबा.

मेळ्याचे पंच म्हातारे ओराझबाय हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत जवळ आले. "गरुडाचं जाऊ दे," ते म्हणाले. "पण या दिवसांत असा थंड डोक्याचा घोडा मी आजवर पाहिला नाही. वा!"

खानसाहेबांचा चेहरा उजळला. लाज झाकायला त्यांना काहीतरी हवंच होतं. ते टुणकन खाली उतरले. "मीच तयार केलाय, आजोबा! आवडला? मग तुमचाच!" आणि त्यांनी लगाम म्हाताऱ्यांच्या हातात ठेवला.

लोकांनी वाहवा केली. चारचौघांत दिलेली भेट आमच्यात परत घेत नाहीत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बूट. मी पुढे झाले.

"खानसाहेब!"

"थांब गं, मोठी माणसं बोलताहेत," ते मागे न बघताच म्हणाले.

"कोजाबेक!"

 बायकांनी तोंडावर हात ठेवले. सुनेच्या तोंडून थोरल्या दिराचं नाव, तेही एवढ्या मेळ्यात, कुणी ऐकलं नव्हतं. तो असा वळला, जणू मी त्याची टोपी उडवली.

"कोजाबेक, दुसऱ्याचा घोडा दान करतोस? माझ्या माहेरच्या घोडीचा आहे तो. तुझं त्यात काय आहे? तुला त्याने शेणात बसवलं, तेवढंच."

"आवर तुझ्या बायकोला!" तो ह्यांच्यावर ओरडला. हे काही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते न बोलणं माझ्या उपयोगी पडलं.

ओराझबायांनी लगाम माझ्या हातात दिला. "दुसऱ्याचा घोडा मी घेत नाही, पोरी," ते म्हणाले आणि कोजाबेककडे न बघता निघून गेले. एवढ्या गोंधळात कुमैताने पाय उचलला नव्हता. मी चढले आणि रमतगमत घरी आले.

यंदा मांसाला कोजाबेकचा लंगडा घोडा कापला. मी त्याला पुन्हा खानसाहेब म्हटलं नाही. सगळ्यांच्या देखत नावाने बोलावते.

"चहा झालाय, कोजाबेक."

खाली मान घालून येतो आणि पितो.