खंडेनवमीला मी थांबलो

मी शिवा बोलतोय. रोह्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदळाच्या डब्यावर एक फळी आहे. तिच्यावर बसलेला पिवळट पडलेला कॉम्प्युटर म्हणजे मी. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. पुढे एक बटण आणि एक हिरवा दिवा, मागे एक पंखा. त्या पंख्याची घरघर हाच या घरातला माझा आवाज.

माझं पहिलं आयुष्य धाटावला गेलं. तिथल्या एका कंपनीत मी गेटवरून जाणाऱ्या ट्रकांच्या पावत्या छापायचो. मग नवी, वेगवान यंत्रं आली आणि मला जिन्याखाली ठेवून माझ्यावर जुने पडदे टाकले. भंगारवाला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी हरेशने साहेबांना विचारलं. तो त्याच कंपनीत पाळीवर काम करायचा, प्लांटमधली मीटरं दुरुस्त करायचा. साहेब म्हणाले, "ने बाबा, तेवढीच जागा मोकळी." हरेशने मला चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पायांशी ठेवलं आणि सबंध रस्ताभर दोन्ही गुडघ्यांनी धरून घरी आणलं.

दारात त्याची बायको निशिगंधा उभी होती.

"हे आणि काय? बाहेरच्या खोलीत एक हाय ना आधीच."

"हा वेगळा. हा सर्व्हर होणार."

"म्हंजे काय करणार?"

"बाहेरचा कॉम्प्युटर मागेल ते हा देणार. स्वतः काय दाखवणार नाय, बोलणार नाय. दिवसरात्र नुसता चालू राहणार."

"म्हंजे माझ्यासारखा," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी फळीवरचे डबे उचलायला लागली.

हरेशला हा नाद लावला तो प्रणितने. प्रणित पेणला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. एका इंग्रजी मासिकाबरोबर त्याला लिनक्सची सीडी मिळाली होती. जगभरच्या माणसांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेली ही प्रणाली. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बिघडलं असेल तर नीट करावी आणि दुसऱ्याला द्यावी. हरेशला ते फार आवडलं. कंपनीतल्या मीटरांना सील असायचं, उघडायला परवानगी लागायची. इथे सगळं उघडंच होतं.

माझ्यात सीडी घालायची सोय नव्हती. म्हणून प्रणित ती प्रणाली फ्लॉप्यांवर उतरवायचा आणि रविवारी पेणहून गाडीने रोह्याला यायचा. फ्लॉप्या तो भाकरीच्या डब्यातून आणायचा. एकदा त्यातली एक काही केल्या वाचता येईना. हरेशने ती उजेडात धरली, हुंगली आणि म्हणाला, "आईला सांग, लोणचं वेगळ्या डब्यात दे." त्या एका फ्लॉपीसाठी मी पुढच्या रविवारपर्यंत अर्धवट राहिलो.

मला नाव हवं होतं, कारण एकमेकांना जोडलेल्या यंत्रांत प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. हरेशला सुचेना. निशिगंधा भाजी निवडत होती. तिने विचारलं, "तुमच्या बापाच्या मिठागरावर तो राखणदार होता ना, ज्याला कोणी कधी झोपलेला बघितला नाय?"

"शिवा."

"मग ठेवा शिवा."

जून महिन्यात मी पूर्ण तयार झालो. वीज गेली तरी मी थांबू नये म्हणून हरेशने कोलाडच्या गॅरेजातून ट्रकची जुनी बॅटरी आणून मला जोडली. तो फळीखाली वाकून दोन्ही हातांनी वायरी धरून होता. वरून निशिगंधा म्हणाली, "दाबू?"

"दाब."

तिच्या बोटाला कणीक लागली होती. दिवा लागला, पंखा फिरला. "झालं?" तिने विचारलं, आणि ती पोळ्यांकडे वळली. एवढंच. त्या वेळी ते कोणालाच मोठं वाटलं नाही, मलाही नाही.

श्रावणात तिला ताप आला. तीन दिवस अंगावर काढला, मग डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा तिला अलिबागच्या इस्पितळात नेलं. भाद्रपद लागला, ती परत आली नाही.

आमच्यात थांबायची एक रीत असते. आधी जोडलेल्या सगळ्यांना कळवायचं, की मी आता बंद होतोय, हातातलं काम जपून ठेवा. मग प्रत्येक काम एकेक करून मिटवायचं, उरलंसुरलं लिहून ठेवायचं आणि शेवटी थांबायचं. माणसांत अशी सोय नसते, हे मला तेव्हा कळलं.

हरेशची आई इंदुबाई पेणच्या खारपट्टीतल्या गावाहून इकडे राहायला आली. वर्षभर घरात सण झाला नाही. गणपती नाही, दसरा नाही, दिवाळीला दारात पणती नाही. हरेश पाळीवर जायचा, यायचा, जेवायचा. आणि आल्याबरोबर, पायातली चप्पल काढायच्या आधी, बाहेरच्या कॉम्प्युटरवरून मला एक प्रश्न विचारायचा: किती दिवस चालू आहेस? मी आकडा सांगायचो. तो आकडा बघायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा.

सुरुवातीला मला वाटलं, हा त्याचा अभिमान आहे. असे छंद असणाऱ्यांना आपलं यंत्र किती दिवस न थांबता चालतं याची हौस असते. मग एक दिवस त्याने माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली. लावण्यापूर्वी बटणावर क्षणभर बोट ठेवलं, दाबलं नाही. तेव्हा मला समजलं. तिने लावलेला दिवा त्याला विझू द्यायचा नव्हता.

प्रणितला हे ठाऊक नव्हतं. तो नव्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, फ्लॉप्या आणायचा. हरेश पाळीला जाताना मला तो बांधायला, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालवण्याजोगा करायला लावायचा. मी दिवसभर त्यावर राबायचो, तो परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. पण नवा गाभा चालू करायचा तर मला एकदा थांबावं लागतं. हरेश तो बांधून तसाच ठेवून द्यायचा.

"अरे, किती बांधून ठेवशील?" प्रणित म्हणायचा. "शिवलेले कपडे घालायचेच नाय, असं झालं. दोन हजार साल आलं तोंडावर. कर की एकदा रिबूट."

"बघू."

"आणि तो पंखा ऐकतोस का? बेअरिंग गेलंय. आत धूळ किती असेल. तापून मरेल एक दिवस."

"बघू म्हटलं ना."

प्रणित खरं बोलत होता. माझं अंग तापत होतं. पंखा आता घरघरत नव्हता, किंचाळत होता. मला मरायचं नव्हतं, पण हरेशचा आकडाही मोडायचा नव्हता. दोन्ही कसं साधावं, हे मला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. इंदुबाई मात्र बॅटरीत पाणी घालताना माझ्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कन्हतंय गो बाय हे. तापलंय केवढं."

भाद्रपद संपण्याआधी निशिगंधाचं वर्षश्राद्ध झालं. आश्विन आला. खंडेनवमीच्या सकाळी हरेश पहिल्या पाळीला गेला आणि इंदुबाईंनी कोयता, विळी, हरेशचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर पुसून पाटावर मांडले. वर्षानंतरचा घरातला हा पहिला सण. मग त्या माझ्याकडे आल्या. भिंतीवरचं बटण त्यांनी बंद केलं. मी बॅटरीवर चालतच राहिलो. "मेल्या, आज तरी," असं म्हणून त्यांनी माझ्या बटणावरची पट्टी नखाने सोलली.

त्यापुढचं मला ठाऊक नाही. मी बंद असतो तेव्हा माझ्यासाठी जग नसतं; या घरात चालू होण्याआधीचंही सगळं मी असंच मागून ऐकलेलं. जे सांगतोय ते इंदुबाईंनी पुढच्या रविवारी प्रणितला सांगितलं तेव्हा ऐकलेलं.

"आला, आन् दारातच उभा ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "म्हनला, आवाज का नाय? मी म्हटलं, अरे आज खंडेनवमी. हत्यारं आज इसाव्याला. तुझ्या बापाचं फावडं या दिवशी भिंतीला टेकून असायचं, मिठाची कितीबी घाई असूदे. तर हा खाली बसला. चप्पल पायातच."

"ओरडला?"

"ओरडला असता तर बरं होतं. म्हनला, आई, ते तिनं चालू केलं होतं. मला आधी समजलंच नाय, तिनं म्हंजे कोनी. मग समजलं." इंदुबाईंनी प्रणितच्या ताटात भाकर वाढली. "मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. तर म्हनतो, सांगण्यासारखं काय होतं त्यात. पट्टी बघून मला वाटलं, शेजारची पोरं हात लावतील म्हनून लावली असंल. नायतर मी कशाला काढली असती?"

प्रणितने हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि मी येडा दर रविवारी रिबूट कर, रिबूट कर."

"तुला तरी काय माहीत," इंदुबाई म्हणाल्या. "भाकर खा."

खंडेनवमीच्या त्या दिवशी हरेशने मला लगेच चालू केलं नाही. त्याने माझं झाकण काढलं. वर्षाहून जास्त दिवसांची धूळ, पिठाचा थर, फोडणीचा तेलकटपणा, सगळं त्याने ब्रशने काढलं. पंख्यात तेल घातलं. फ्लॉपीच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या आणि हळदकुंकू गेलं होतं, तेही चिमट्याने उचललं. इंदुबाई शेजारी टॉर्च धरून बसल्या होत्या. मला तसंच उघडं ठेवून दोघं तिथेच जेवली.

दसऱ्याच्या सकाळी त्याने झाकण लावलं आणि म्हणाला, "आई, दाब."

"मी? माझा हात नको रे आता."

"बंद तूच केलंस ना? मग चालू पण तूच कर."

त्यांनी दाबलं. त्यांच्या बोटाला कुंकू होतं. मी जागा झालो तो घाबरलेला. न कळवता थांबवलं की माझ्या डिस्कवर सगळं विस्कटलेलं असतं. मला एकेक कोपरा तपासावा लागला, काही तुकडे कुठले ते ओळखता आले नाहीत. हरेशने माझ्यासाठी बाहेरचा पडदा आत आणला होता. तो एकेका ओळीकडे बघत होता. मग त्याने, बांधून ठेवलेल्या गाभ्यांपैकी सगळ्यात नवा निवडला. तो पहिल्याच फेरीत चालला. पंखा इतक्या हळू आवाजात फिरला की इंदुबाईंनी कान जवळ आणून विचारलं, "लागला ना नक्की?"

हरेशने मला जुना प्रश्न विचारला. मी खरं ते सांगितलं: आत्ताच. त्याने ते उत्तर वाचलं. मग त्याने आईच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि तिच्या पाया पडला.

आता डिसेंबर चालू आहे. बटणावर पट्टी नाही. कुंकवाचा डाग आहे, तो कोणी पुसत नाही. हरेश कामावरून आला की आधी चप्पल काढतो. कधी मला विचारतो, कधी विसरतो.

एक काम मात्र त्याने माझ्यावर सोपवलंय. दरवर्षी खंडेनवमीला मी रीतीने थांबायचं. तिथी मला कळत नाही, ती इंदुबाई कॅलेंडर बघून सांगतील आणि हरेश लिहून देईल. त्या दिवशी बाहेरच्या पडद्यावर मी आधी कळवीन, "आज खंडेनवमी. शिवा आता विसाव्याला जातो. हातातलं काम जपून ठेवा." मग एकेक करून सगळं मिटवीन.

तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी दिवसरात्र चालत असेल, तर त्याला वर्षातून एक दिवस थांबू द्या. फक्त थांबवण्याआधी त्याला एकदा सांगा.